शनी-बुधाचं गॅरेज

बँकेने जयपूरला बदली केल्यापासून माझी स्कूटर ज्याच्या हातात आहे, त्या मेकॅनिकने मला अगदी वैताग आणला होता. काय बिघडलंय विचारलं, की तो पान्ह्याने टाकीवर टकटक करायचा. कधी मिळेल विचारलं, की बोट आभाळाकडे! आज संध्याकाळी की पुढच्या जन्मी, ते आपण समजून घ्यायचं.

शेजारी स्टुलावर बसलेली त्याची बायको त्याच्या वतीने बोलायची. "यांच्या धनस्थानात शनी-बुधाची युती आहे, भाईसाहब. वाणीचं घरही तेच. तोंडातून शब्द गेला की घरातून लक्ष्मी जाते, असं पंडितजींनी सांगितलंय. शनीची महादशा संपेपर्यंत मौन."

परवा उन्हात ताटकळून माझं डोकंच फिरलं. तो केबल आणायला गेल्यावर मी तिला म्हणालो, "मग आली का तुमची लक्ष्मी?"

"कुठली! धंदा होता तेवढाच आहे. पण घरातली शिवीगाळ थांबली. मुलं आता त्यांच्या शेजारी बसून जेवतात."

"आणि महादशा संपल्यावर?"

तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "पंडितजी पुन्हा पत्रिका बघतील. माझे सख्खे मामा आहेत ते."