पावण्यांना कॉमर्स पाहिजे

"बाई, पोरीचं सायन्स काढा आणि कॉमर्स घाला."

काउंटरपलीकडून असं फर्मावणारे गृहस्थ गडहिंग्लजचे. नाव भीमाप्पा. मिरचीच्या बाजारात तोलाईचं काम करायचे. ते ऑफिसात आले की आधी सदऱ्यातली मिरची यायची, मागून ते. आमचे हेडक्लार्क दोनदा शिंकले आणि वर न बघताच म्हणाले, "अर्ज घ्या आणि मोकळं करा त्यांना."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात फी-सवलतीचं टेबल माझ्याकडे होतं. सवलत म्हणजे ई.बी.सी. घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर मुलाची ट्यूशन फी सरकार भरायचं. लोकांना एवढंच माहीत असे. पुढचं मला रोज सांगावं लागे. सरकार एका वर्गाचे पैसे एकदाच देतं. पास झालात, पुढे गेलात, सवलत चालू. कोर्स बदलून पुन्हा पहिल्या वर्गात बसलात, की ते वर्ष तुमच्या खिशातून. वर्ष मध्येच सोडलंत, तर झालेल्या टर्मची फीही तुमच्याच गळ्यात, कारण अर्धवट विद्यार्थ्याचे पैसे सरकार पाठवत नाही.

भीमाप्पांची सुरेखा एफ.वाय. बी.एस्सी.ला होती. मंगळवार पेठेत मावशीकडे राहायची. दिवाळी होऊन गेली होती. कोर्स बदलायची मुदत केव्हाच संपली होती; आता बदलायचं म्हणजे हे वर्ष सोडून जूनमध्ये पुन्हा पहिल्या वर्गात बसायचं.

"कॉमर्स कशाला?" मी विचारलं.

"पावणं म्हणत्यात. पोरगा बँकेत हाय. त्यास्नी कॉमर्सचीच पोरगी पायजे."

"सुरेखा काय म्हणते?"

"तिला काय इचारायचं त्यात?"

मी नियम सांगितला. ते मान हलवत गेले. मला वाटलं, समजलं.

पंधरवड्याने पुन्हा हजर. "कॉमर्स ऱ्हाऊ द्या बाई. आर्ट्स घाला."

"आता काय झालं?"

"दुसरं स्थळ आलंय. मास्तर हाय. सायन्सच्या पोरी सांजपतोर प्रॅक्टिकल करत बसत्यात, मग भाकरी कोण थापणार, म्हणत्यात."

"भीमाप्पा, स्थळागणिक कोर्स बदलायला हे कापडाचं दुकान आहे का?"

"तसंच समजा की! गिऱ्हाईक मागंल ते ठाण काढून दावायचं."

मास्तरांचं स्थळ हुंड्यावर फिसकटलं. बँकवाले पुन्हा पुढे आले. या खेपेला भीमाप्पा सही केलेला अर्जच घेऊन आले. बरोबर सुरेखा होती. वडील हेडक्लार्कशी बोलत होते, तेवढ्यात ती माझ्या टेबलाशी आली.

"बाई, सवलत गेली तर आबांना फी झेपणार नाही. मग कॉमर्सही नाही आणि सायन्सही नाही. सरळ घरी."

तिचं म्हणणं बरोबर होतं. असं घरी गेलेल्या मुली मी पाहिल्या होत्या. परत एकही आली नव्हती.

मी हेडक्लार्कना म्हणाले, "साहेब, हा अर्ज मी आज घेत नाही."

"पालकाचा अर्ज नाकारणाऱ्या तुम्ही कोण?"

"नाकारत नाही. फी कोण भरणार, एवढंच विचारून घेते."

"विचारा. पण लवकर. या माणसापायी माझं नाक सोलवटलंय."

मी भीमाप्पांना म्हटलं, "कॉमर्स तुम्हाला हवंय की पावण्यांना?"

"पावण्यास्नी."

"मग त्यांनाच घेऊन या. फीचं त्यांच्याशी बोलते."

भीमाप्पांना ते एकदम पटलं. बाजारात तोलाईची मजुरी कोणी द्यायची हे आधी ठरतं, मगच काटा लागतो.

शनिवारी पावणे आले. मुलाचे वडील. कोट, टोपी, तोंडात पान. खुर्ची ओढून ऐसपैस बसले. सुरेखा भिंतीला टेकून उभी होती.

"आमचं म्हणणं एकच हाय," ते म्हणाले. "सून कॉमर्सची पायजे."

"जरूर. पुढच्या जूनपासून पहिल्या वर्षाला बसेल. त्या वर्षाची फी सरकार देणार नाही, या वर्षी झालेल्या टर्मचीही भरावी लागेल. दोन्ही तुमच्या नावावर लिहू?"

पान चावायचं थांबलं. "आमच्या? का वो?"

"कॉमर्स तुम्हाला हवंय म्हणून."

"आनि सायन्समधीच ऱ्हायली तर?"

"तर सरकार भरतंय. पास होतेय तोवर."

"सायन्सवाल्यास्नी बँकेत घेत्यात का?"

"परीक्षा दिली तर घेतात."

पावणे छताकडे बघून म्हणाले, "मग सायन्स तरी काय वाईट हाय?"

सुरेखाला हसू आवरेना. ती तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. मला वाटलं, विषय मिटला. पण भीमाप्पा उठून उभे राहिले होते.

"पावणं, दोन महिनं झालं, कॉमर्स कॉमर्स करून तुम्ही मला गडहिंग्लज-कोल्हापूर पळवताय. आनि भरायची पाळी आल्यावर सायन्स ग्वाड लागाय लागलं व्हय? एक वर्साची फी निघंना तुमच्याच्यानं, माझी पोरगी जल्मभर काय पोसणार?"

"आवो, तसं न्हवं..."

"तसंच हाय. उठा. यष्टी चुकंल."

अर्ज त्यांनी स्वतःच फाडला आणि तुकडे हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवले. साहेब पुन्हा शिंकले.

सुरेखाने सायन्सची तिन्ही वर्षं सवलतीत पूर्ण केली. पुढे एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागली. लग्नही झालं, कोणाशी ते मी विचारलं नाही. माझ्या टेबलाचा तो विषय नव्हता.

त्यानंतर कोर्स बदलायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी विचारायची, "बदल कोणाला हवाय?" विद्यार्थ्याने "मला" म्हटलं, तर मुदत सांगायची. पालकाने "आम्हाला" म्हटलं, तर फी सांगायची. निम्मे अर्ज तिथेच परत जात.