स्टार्टरच्या पेटीतला राउटर

फौजेतला आमचा मुलगा संदीप आज दुपारी व्हिडिओ कॉल करणार होता आणि नेमकं सकाळपासून इंटरनेट रखडत होतं. मी मोबाईलवरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले. चॅनल बदलला, बँड बदलला. फरक शून्य.

शेवटी सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत जाऊन पाहिलं, तर राउटर जागेवर नाही! आमच्या ह्यांनी तो शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरच्या जुन्या लोखंडी पेटीत बसवून वर कुलूप लावलेलं.

"अहो, लोखंडातून रेंज बाहेर कशी येईल?" मी आवाज चढवला.

"आगं, स्टार्टर पेटीतच ऱ्हातोय की! मागं इज पडून पयला राउटर जळला, तवा पोरगं किती दिस दिसलं न्हाई."

 किल्ली मागितली, राउटर बाहेर काढला. दुपारी संदीप अगदी स्वच्छ दिसला. "आबा, लय बारीक झालाय तुमी," म्हणाला, तर हे मोबाईलच्या आणखी जवळ सरकले.

कॉल संपला आणि हे पेटी घेऊन पुन्हा हजर! तेव्हा मंडळी, राउटर विजेपासून कसा जपायचा, ते जाणकारांनी इथे नीट लिहा. ह्यांना वाचून दाखवायचंय. माझं एकटीचं ऐकायचे नाहीत.