लागलेला फासा

मास्तरांनी मला खेळ शिकवायला घेतला तेव्हा राक्षस, चेटकिणी, किल्ले सगळं बाजूला ठेवून आधी फाशांचा रिवाज सांगितला. "चुकलेले फासे उचलायचे, चेकर. लागलेले जागेवर राहू द्यायचे. समोरच्याने स्वतःच्या डोळ्यांनी मोजले की मगच हात लावायचा." मी म्हटलं, यात शिकवण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, "बाकीचं सगळं पुस्तकात आहे. एवढंच पुस्तकात नाही."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. बस डेपोच्या मागच्या गल्लीत जिन्याखाली त्यांचं दुकान. दाराशी मशीन, मागे आठ फुटी कापायचं टेबल, भिंतीवर बाह्या न लावलेले कोट. मी बसमधला तिकीट तपासनीस. एकतीस वर्षं ती नोकरी केली आणि तिची खोड अंगात मुरली. माणूस दिसला की तो काय लपवतोय ते आधी शोधायचं. बिनतिकिटाचा माणूस तुमच्याकडे सरळ बघत नाही, तुमच्या कानाच्या पलीकडे बघतो. या एका गोष्टीवर मी माझी नोकरी काढली. बायको म्हणते, "पाहुणे आले तरी तुम्ही त्यांचं तिकीट बघाल."

पहिल्यांदा गेलो होतो तो पँट आखूड करून घ्यायला. टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या आणि बोटाएवढे शे-दीडशे सैनिक. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, एका भुतापासून दुसऱ्या राक्षसापर्यंत मोजलं आणि भूत सहा इंच पुढे सरकवलं. मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलंय. तासाभराने मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून राक्षसांना हुकूम सोडत होतो आणि पँट खुर्चीवर तशीच पडून होती.

खेळ तसा सोपा. दोघांचं एकेक सैन्य, आळीपाळीने चाल. कोणी किती इंच सरकायचं ते ठरलेलं. सैनिक भिडले की फासे टाकायचे. चार किंवा जास्त पडले तर वार लागला, कमी पडले तर चुकला. राजा पडला की खेळ संपला. मास्तरांची भुतावळ बघायला लोक लांबून यायचे, कारण प्रत्येक भुताला त्यांनी खऱ्या कापडाचा झगा शिवला होता. भालेवाल्यांना रेशमी, तिरंदाजांना लोकरी, राजाला काळ्या मखमलीचा. सगळं कातरणातून. माझे राक्षस मी स्वतः रंगवले होते आणि ते कावीळ झाल्यासारखे दिसायचे. "लढाई राहू द्या," मास्तर म्हणायचे, "आधी यांना डॉक्टरकडे न्या."

अठरा वर्षं रविवारची दुपार आमची होती. माझ्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या रविवारीसुद्धा मी तिथे होतो, आणि त्याबद्दल घरात अजून ऐकून घेतो.

वर्षातून एकदा शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये स्पर्धा भरायची. दोन दिवस, चाळीस टेबलं. शेवटच्या फेरीत ज्या दोघांचे सगळ्यात जास्त विजय, ते व्यासपीठाजवळच्या पहिल्या टेबलावर. मी तिथे तीनदा उभा राहिलो होतो. मास्तर कायमचे मधल्या टेबलांवरचे. समोरच्याचे सैनिक हातात घेऊन कौतुक करत बसायचे आणि हल्ला करायचा विसरायचे. "एकदा त्या टेबलावर उभं राहायचंय हो," ते म्हणायचे. "हरलो तरी चालेल." मग थोडं थांबून, "नाही, खोटं कशाला बोलू? जिंकायचंच आहे."

गेल्या तीनेक वर्षांत मास्तर जरा बदलले होते. नवे सैनिक शिवणं बंद केलं. विचारलं तर म्हणायचे, "आहेत ते पोसवत नाहीत." टेपला त्यांनी प्रत्येक इंचावर दोऱ्याची बारीक गाठ मारून घेतली. मशीनशेजारच्या उशीत सकाळपासून पंचवीस-तीस सुया दोरे ओवून तयार असायच्या. खेळताना त्यांची बोटं फाशांवरून फिरायची, कापडाचा पोत बघावा तशी, मग ते चुकलेले उचलायचे. फासे त्यांचे जुने, हाडाच्या रंगाचे, खोल खळग्यांचे. आणि बोलताना मास्तर माझ्याकडे सरळ बघेनासे झाले होते. कानाच्या पलीकडे बघायचे. हे मी टिपलं. तिकीट तपासनिसाने टिपायचं नाही तर कोणी?

ज्या स्पर्धेची ही गोष्ट, तिच्या आधीच्या वर्षी एकाचे फासे आतून जड केलेले सापडले होते. आमच्या खेळाच्या क्लबच्या बैठकीत मी टेबलावर हात आपटून मागणी केली की यापुढे सगळ्यांनी आयोजकांचेच फासे वापरायचे. ठराव झाला. मास्तरांनी फक्त विचारलं, "आपले जुने अजिबात चालणार नाहीत?" मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." त्यांनी मान हलवली आणि जुने फासे बटणांच्या डब्यात टाकले.

नवे फासे जांभळे, गुळगुळीत, त्यावर बारीक सोनेरी आकडे छापलेले.

त्या स्पर्धेत मास्तर चार सामने जिंकले. चारही समोरचे तरुण होते. मास्तर फासे टाकायचे आणि हसून म्हणायचे, "तुम्हीच सांगा हो किती लागले ते." पोरांना वाटायचं, काय सभ्य म्हातारा आहे. अशा रीतीने रविवारी दुपारी पहिल्या टेबलावर समोरासमोर उभे राहिलो ते मास्तर आणि मी. त्यांनी इस्त्रीचा कोट घातला होता. त्यांची मुलगी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती.

मास्तर त्या दिवशी असे खेळले की मी अठरा वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. तिसऱ्या चालीला माझ्या राजाला भुतांचा वेढा पडला होता. आणि मला मात्र त्यांनी किती लागले ते विचारलं नाही. स्वतःच वाकायचे, काही फासे उचलायचे, आकडा सांगायचे आणि बाकीचेही लगेच गोळा करायचे. एकदा त्यांनी पाच सांगितले, मला चारच दिसले होते. सोडून दिलं. मग मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागलो.

पुढच्या खेपेला त्यांनी नऊ फासे टाकले. तीन उचलले. "सहा लागले," म्हणाले आणि उरलेल्यांवर हात ठेवला. त्या सहात मला एका फाशावर दोन आणि एकावर तीन स्पष्ट दिसले. मी त्यांचं मनगट पकडलं.

"मास्तर, हात काढा."

आवाज माझा नोकरीतला होता. मागच्या दाराने उतरू बघणाऱ्याला मी त्याच आवाजात थांबवायचो. आजूबाजूच्या टेबलांवरचे खेळ थांबले. पंचबाई आल्या. त्या एरवी दातांच्या डॉक्टर, बोलणं हळू. त्यांनी मास्तरांचा हात अलगद बाजूला केला आणि फासे मोजले. चार.

"मास्तर?" त्या म्हणाल्या.

मास्तर त्यांच्या कानाच्या पलीकडे बघत राहिले. "चूक झाली."

"समोरच्याची हरकत नसेल तर मी नुसती ताकीद देते," पंचबाई म्हणाल्या. "खेळ पुढे चालू राहील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आज हे लिहिताना खोटं बोलणार नाही. चार धरले तरी माझा राजा पुढच्या चालीला पडणार होता. मी हरत होतो. ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम."

सामना मला मिळाला, कपही मिळाला. मास्तर एकेक भूत कापडात गुंडाळून पेटीत ठेवत होते. मी शेजारी उभा होतो. तिथेच तोंडाला कुलूप घालायला हवं होतं. पण माझ्या तोंडाला ती सवय नाही.

"अठरा वर्षं असंच चाललं होतं का, मास्तर?"

त्यांचे हात थांबले. मग मखमली झग्यातला राजा त्यांनी शेवटी ठेवला आणि पेटी बंद केली. मुलगी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर घेऊन गेली. मला वाटलं, बापाला लाज वाटतेय म्हणून धरलंय.

चार महिने मी त्या गल्लीत गेलो नाही. रविवारी दुपारी घरात बसलो की बायको विचारायची, "आज राक्षसांना सुट्टी?" कप मी कपाटावर ठेवला होता, तिने तो उचलून आत टाकला. शेवटी एक पँट घेऊन गेलो. पँट लांब नव्हती. पण रिकाम्या हाताने त्या दारात उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

मशीनवर मुलगी बसली होती. मास्तर मागे टेबलाशी कोटाला काज करत होते, मान वर, नजर भिंतीवर, बोटं मात्र कापडावर अचूक चालत होती. मुलीने मला पाहिलं, हातातली सुई ओवली आणि उशीत खोचली. मग दुसरी ओवली. मग तिसरी.

मी उशीकडे बघितलं. खुंटीवर टांगलेल्या टेपच्या गाठींकडे बघितलं.

"कधीपासून?" मी तिला हळूच विचारलं.

"तीन वर्षं होतील, काका. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ज्याच्याकडे बघायचं नेमकं तेच जातं, म्हणून बाजूला बघतात. कुणाला सांगू देत नव्हते. ज्याला दिसत नाही त्याच्याकडे कोट कोण टाकेल?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी. तीन वर्षं दर रविवारी सगळं माझ्या समोर मांडलेलं होतं. एकूण एक गोष्ट मी टिपली आणि एकीचाही अर्थ लावला नाही.

"चेकर आलेत वाटतं," आतून आवाज आला. "बूट ओळखले मी."

मी जाऊन समोर उभा राहिलो. माफी मागायची सवय नसली की वाक्यं जुळत नाहीत. मी म्हटलं, "सांगायचं होतंत, मास्तर. त्या पोरांना विचारत होतात, मला का नाही विचारलंत?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही तिथल्या तिथे ओळखलं असतं. आणि ओळखल्यावर हरला असता. मुद्दाम." त्यांनी दोरा दाताने तोडला. "चोर म्हणालात ते सोसलं. पण दान म्हणून मिळालेला कप मी कुठे ठेवणार होतो?"

"आणि नंतर जे बोललो ते?"

"ते लागलं," मास्तर म्हणाले. "खूप लागलं. अठरा वर्षं म्हणालात ना."

मग त्यांनीच कोट बाजूला केला. "डाव मांडायचा का? माझे फासे आहेत बटणांच्या डब्यात. पण एक सांगतो, दया नको."

"शपथ," मी म्हणालो.

मुलीने हिरवं कापड अंथरलं. मास्तर झगे चाचपून भुतं उभी करत होते, रेशीम पुढे, लोकर मागे. चार महिन्यांनी माझ्या छातीवरचं ओझं जरा हललं. मी खरोखर जिंकायला खेळलो. तेही तसेच खेळले, आपले फासे बोटांनी वाचत, बिनचूक. मी तुमची शपथ घेऊन सांगतो, शेवटच्या फाशापर्यंत मी प्रामाणिक होतो.

शेवटी त्यांच्या राजाला माझ्या तीन राक्षसांनी गाठलं. वाचायला एका फाशावर चार हवे होते. मास्तरांनी फासा टाकला. तो पुठ्ठ्याच्या टेकडीला आपटून घरंगळत माझ्या कडेला आला, त्यांच्या हाताच्या पलीकडे.

"किती?" त्यांनी विचारलं. मान पुढे काढली होती. चेहरा असा की मी तो हॉलमध्ये बघायला हवा होता.

दोन पडले होते.

माझ्या हाताने अठरा वर्षांच्या सवयीने फासा उचलला. आणि तोंडाने सांगितलं, "पाच. लागला, मास्तर. वाचला तुमचा राजा."

मुलीचं मशीन थांबलं. मग मास्तर अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"लागलेला फासा कुणी उचलतं का, चेकर?"

फासा माझ्या मुठीत होता. टेबलावर जिथे तो पडला होता तिथे नुसतं हिरवं कापड होतं.

त्यांनी चाचपत मखमलीचा झगा शोधला आणि आपल्या राजाला स्वतःच्या हाताने आडवं केलं. अठरा वर्षं असंच चाललं होतं का, हे त्यांनी मला तेव्हा विचारायला हवं होतं. मी वाट बघत उभा होतो. त्यांनी नाही विचारलं. मी आणलेली पँट तेवढी हातात घेतली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही तर बरोबर आहे. हिचं काय करायचंय?"