शिवणीची फळी

समुद्र न पाहता समुद्रावर इतकं बोलणारा माणूस आमच्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा झाला नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमगावजवळच्या एका खेड्यातले सुतार. पाणी म्हणून त्यांनी पाहिलं ते गावचं तळं. पण कुणाच्या घरी जेवायला बसले तरी पाट उचलून बघत, हा तरंगेल की बुडेल. उभं झाड त्यांनी कधी तोडलं नाही. वादळात पडलेलं तेवढंच आणत, आणि आणण्याआधी त्या जागी दोन रोपं लावत. त्यापायी लोकांची दारं वर्षवर्ष लांबत. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "झाड पडलं नाही अजून. तू जाऊन ढकलतं का त्याले?"

गावात मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. मी कोकणात एका समुद्रकाठच्या हॉटेलात व्यवस्थापक होतो. मालकांना सर्फबोर्ड हवा होता, म्हणजे लाटेवर उभं राहून घसरत जायची फळी. प्लास्टिकची नको, लाकडाची. आणि शिकाऊ-तरबेज, लहान लाट-मोठी लाट, सगळ्यांना चालेल अशी एकच. मी फुशारकीनं भाऊजींचं नाव सांगितलं. भाऊजी तीन महिने नुसतं लाकूड निवडत होते. साग जड, सावर पाणी पिते. शेवटी बांधावर पडलेली शिवण पसंत पडली, हलकी आणि न वाकणारी. आतून पोकळ, बरगड्या घातलेल्या दोन जुळ्या फळ्या केल्या. एक मला, एक स्वतःला. आता तळ्यात लाट कुठून आणायची? त्यांनी गावच्या सगळ्या म्हशी एकदम पाण्यात हाकलल्या आणि त्या खळबळीत राशन दुकानदाराला फळीवर उभं केलं. त्यानंतर शेळीला. ताई फोनवर म्हणाली, "शेळी उभी राहिली. दुकानदार अजून बोलून नाही राहिला आमच्याशी."

आता जे इतकी वर्षं घराबाहेर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. फळी आली, पण मी ती पाण्यात घातलीच नाही. मालकांनी तोवर दुकानातून रंगीत फळ्या आणल्या होत्या. "ही घरी केलेली का?" म्हणून ते हसले, आणि माझ्या भाऊजींनी केली, असं म्हणायची मला लाज वाटली. तिला चार पाय ठोकून गच्चीवर चहाचं मेज केलं.

भाऊजींचा फोन आठवड्याला यायचा. "लाटेवर कशी चालून राहिली, बाबू?"

"मस्त."

"मस्त नको सांगू. खोट सांग. खोट राहतेच."

सुटका व्हावी म्हणून एकदा बोलून गेलो, "शेपटाकडं जराशी जड वाटते."

त्याच दिवशी त्यांनी स्वतःची फळी रंध्याखाली घेतली. तीन वेळा शेपूट तासलं. आधी ती तळ्यात नाकावर बुडायला लागली, नंतर तासलेल्या जागी भोक पडून आत पाणी शिरलं. भाऊजींनी रंधा ठेवला. "हात गेला माझा," असं ताईला म्हणाले. त्यानंतर दारं-चौकटी केल्या, पण पाण्यातली एकही वस्तू केली नाही. हे मला ताईकडून कळलं, आणि तरी मी सहा वर्षं गप्प राहिलो.

नोकरी सोडून परतलो तेव्हा त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं, "भाऊजी, मी ते फळी कधी पाण्यात टाकलीच नाही. जड होती का हलकी, मले माहीत नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

"मग शेपटाचं काऊन सांगतलं?"

"तुम्ही खोट विचारून राहिले होते म्हणून."

वाटलं, आता शिव्या देतील. मला त्या हव्याच होत्या. ते उजव्या हाताकडे बघत राहिले, मूठ मिटत, उघडत.

"म्हणजे हात बरोबर होता," म्हणाले.

मग आत ताईला हाक मारून तेच सांगितलं. ती चुलीपाशी होती, तिला ऐकू गेलं नसावं. म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.