वेळेवर दिलेल्या खुर्च्या

माझ्या फोटो-फ्रेमच्या दुकानाला लागून सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या बदलणाऱ्याचं दुकान आहे. सगळा रस्ता त्याला उद्याशेठ म्हणतो. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी तोंडातले खिळे न काढता तो एकच शब्द बोलायचा, 'उद्या'. हातात कसब असं, की त्याने ताणलेलं कापड दहा वर्षं सुरकुती धरत नाही. पण काम वेळेवर मिळेल तर शपथ. एक बाई एकदा त्याला म्हणाल्या, "खुर्ची दिली तेव्हा मुलगी शाळेत होती, आता तिचं लग्न ठरलंय." हा म्हणाला, "मग घाई करायलाच हवी. उद्या या."

तीन वर्षांपूर्वी त्याने एका महिन्यात साचलेली सगळी कामं उरकली. माळ्यावरच्या विसरलेल्या खुर्च्यासुद्धा खाली आल्या, घरपोच गेल्या. आम्ही रस्ताभर चेष्टा केली. मीच म्हणालो, "सूर्य पश्चिमेला उगवला का रे?" तो हसला. ते हसणं आठवलं की आज मला माझीच लाज वाटते. पुढचं सगळं त्याने नंतर सांगितलं. मी लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "लिही. फक्त मला बिचारा करू नकोस."

त्याची बायको पोस्टात खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचे अर्धवट भरलेले फॉर्म तपासायची सवय, त्यामुळे चुकलेलं तिला पटकन दिसतं. एका रविवारी सकाळी तो तिला घरातल्या किल्ल्या दाखवत होता. प्रत्येक किल्लीला त्याने चिठ्ठी बांधली होती. कागदांच्या फायलींवर मोठ्या अक्षरात नावं घातली होती. वहिनींनी निम्मं ऐकलं आणि किल्ल्या खाली ठेवल्या.

"अहो, तुम्ही कुठे निघालाय?"

"कुठे नाही."

"मग हे मला आत्ता का शिकवताय?"

त्याने एका किल्लीची चिठ्ठी सरळ केली. मग म्हणाला, "मला जगायचं नाहीये. बरेच महिने झाले."

वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्या त्याच्या शेजारी बसल्या आणि तिथूनच त्याच्या मोठ्या बहिणीला फोन लावला. दोन तासांत ताई बॅग घेऊन दारात. पन्नाशीला आलेल्या भावाला त्या अजून बाळ म्हणतात. "बाळ, सरक तिकडे," म्हणून त्या त्याच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं इस्पितळात गेले.

लोक विचारतात, असं झालं तरी काय होतं? धंदा बरा, तब्येत बरी, घरात भांडण नाही. "काही झालं असतं तर सांगता तरी आलं असतं," तो मला म्हणाला. "काहीच झालं नव्हतं, मग तोंड कशाला उघडायचं?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. घरी सोबत होती आणि तो परत यायला कबूल होता, म्हणून भरती करून घेतलं नाही. दर गुरुवारी अकरा वाजता बाह्यरुग्ण विभागात पहिल्या मजल्यावर समुपदेशक मॅडमशी बोलायला यायचं, असं ठरलं. लहानशी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. त्याने बसण्याआधी खुर्ची दाबून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, हिच्या स्प्रिंगा गेल्यात." मॅडम तिशीच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज स्वतःला संपवायचा विचार आला होता का?"

जेवलात का, असं विचारावं त्या आवाजात. 'स्वतःला संपवणं' हे शब्द त्याने कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते, स्वतःच्याही नाही. "मला वाटलं होतं, हे ऐकून माणसं पळून जातात," तो मला म्हणाला. "ही बाई वहीत लिहून घेत होती."

तरी पहिले चार गुरुवार त्याने विनोद सांगण्यात घालवले. मॅडम हसण्यासारख्या विनोदांना हसल्या. पाचव्या गुरुवारी म्हणाल्या, "तुम्ही इथे मला हसवायला येता का?" त्याने पुन्हा खुर्चीच्या स्प्रिंगा दाबून पाहिल्या. शेवटी तो म्हणाला, "घरात मी वाटेत ठेवलेल्या स्टुलासारखा आहे. सगळे वळसा घालून जातात. उचललं तर बरं होईल."

"असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही."

"मग कुणाला विचारलंत का?"

विचारून यायचं, हा त्या आठवड्याचा गृहपाठ. त्याने दोन दिवस लावले. वहिनी स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. हा दारात उभा राहिला. "मी तुझ्या वाटेत आहे का गं?"

"आहात. उजेडात उभे आहात, बाजूला व्हा," वहिनी म्हणाल्या. मग सुरी ठेवून त्याच्याकडे वळल्या. "आणि हे परत मनात आलं तर मला विचारा. माझ्या वतीनं उत्तर देऊ नका."

मॅडमनी त्याच्याकडून एक कागद लिहून घेतला. मन घसरायला लागलं तर कशावरून ओळखायचं, आधी काय करायचं, मग कुणाला फोन करायचा. सगळं त्याच्याच शब्दांत. ओळखायच्या खुणांमध्ये पहिलं वाक्य होतं, 'ऑर्डरी वेळेवर द्यायला लागलो की.' मॅडमना आधी तो विनोद वाटला. नव्हता. धोक्याच्या काही वस्तू वहिनींनी कुलपात ठेवल्या, त्यालाही तो कबूल झाला. फोनच्या यादीत वहिनी, ताई आणि तिसरा मी. मला तसं त्याने दुकानात येऊन सांगितलं. मी हो म्हणालो.

सगळं सरळ गेलं असं नाही. वहिनी त्याच्यावर चोवीस तास नजर ठेवू लागल्या. न्हाणीघरात पाच मिनिटं जास्त लागली की दारावर थाप. एक दिवस तो भडकला, त्याही भडकल्या. "मी बायको आहे, पहारेकरी नाही. पण तुम्ही सांगत नाही, तर मी काय करू?" पुढच्या गुरुवारी मॅडमनी दोघांना समोर बसवलं. ठरलं असं, की त्याने रोज संध्याकाळी दहापैकी एक आकडा सांगायचा, मन किती जड आहे त्याचा. सात किंवा वर असेल तर वहिनींनी सोबत राहायचं. खाली असेल तर दार वाजवायचं नाही.

आठव्या महिन्यात एका दुपारी तो माझ्या दुकानात आला. चेहरा राखेसारखा. "कागदात लिहिल्याप्रमाणे आधी चालून आलो. हिचा फोन खिडकीवर असताना बंद असतो, ताईचा लागत नाही. आता तू."

मी त्याला आत घेतलं. "काय बोलू रे?"

"बोलू नकोस. बस नुसता."

मी शटर अर्धं ओढलं. एका फ्रेमचे कोपरे नुकते चिकटवले होते, ते त्याला धरायला दिले. अर्धा तास आम्ही ते कोपरे धरून बसलो. मग ताईंचा फोन आला. त्यांनी शेजारणीच्या गळक्या नळाची कथा अशी रंगवली, की त्याला मध्ये हुं म्हणायलाही फट मिळाली नाही. फोन ठेवल्यावर त्याने इस्पितळात फोन केला. मॅडमनी त्याच दिवशी चार वाजता बोलावलं. मी सोबत गेलो. तासाभराने डोळे लाल करून तो बाहेर आला आणि म्हणाला, "भूक लागलीय." मला इतकं बरं वाटलं, की कँटीनमध्ये दोघांच्या ताटांचे पैसे देऊन मी सुटे घ्यायला विसरलो.

गेल्या वर्षीची गोष्ट. एक निवृत्त मास्तर त्यांची आरामखुर्ची हातगाडीवर घालून आले. "ही कुणाला तरी देऊन टाका. मला आता लागणार नाही." भिंतीपलीकडची हातोडी थांबली, म्हणून मी त्याच्या दारातून डोकावलो. उद्याशेठने तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले.

"मास्तर, सरळ विचारतो. जीव द्यायचा विचार येतोय का?"

मास्तर बघतच राहिले. "नाही रे बाबा. मुलीकडे राहायला चाललोय. तिच्या जिन्यातून ही वर जात नाही."

मी दारातून फिस्सकन हसलो. उद्याशेठही हसला, कानापर्यंत लाल झाला. मास्तर मात्र हसले नाहीत. ते त्याच खुर्चीत बसले. "बायको जाऊन दोन वर्षं झाली. औषध घेतलं का, असं सगळे विचारतात. हे कुणी विचारलं नव्हतं." मग म्हणाले, "मरावंसं नाही वाटत. पण सकाळी डोळे उघडले नाहीत तर बरं, असं वाटतं कधी कधी."

दोघं पाच वाजेपर्यंत बोलत बसले. उद्याशेठने त्यांना स्वतःचा सगळा प्रवास सांगितला, एकही विनोद न करता. संध्याकाळी त्याच्यासमोरच मास्तरांनी मुलीला फोन केला. खुर्चीचे पाय सुटे होतील असे करून मिळाले आणि ती जिन्यातून वर गेली.

तो आता सहा आठवड्यांतून एकदा मॅडमकडे जातो. गोळी कमी झाली आहे, बंद झालेली नाही. विचार अजून येतात, पण आले की तो सांगतो. मागच्या महिन्यात मास्तरांचं पत्र आलं. मुलीने तिकडच्या दवाखान्यात असंच बोलायला त्यांचा नंबर लावला आहे, दर मंगळवारी.