गुलाबरावाची संकष्टी

दुर्गजवळच्या मरोद्याच्या रेल्वे वस्तीत गुलाबरावासारखा देवभोळा दुसरा नव्हता. बायका तर म्हणत, हा माणूस बायकोशी, वच्छलाशी, बोलायच्या आधीसुद्धा गणपतीला विचारत असेल. शेजारचा आनंदराव नेमका उलटा. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आला आणि घरातले देव शिवनाथ नदीत सोडून मोकळा झाला. दोघं एकाच यार्डात डबे जोडायचे, एकाच डबीतला तंबाखू मळायचे.

एकोणसाठातली एक संकष्टी. गुलाबरावाला नेमकी दुपारची ड्युटी लागली.

"तुहा देव तू सांभाळ," आनंदराव म्हणाला, "तुही ड्युटी मी सांभाळतो."

बदलीचा कागद कोण करणार? दोघांनी छातीवरचे पितळी नंबरचे बिल्ले बदलले. सगळेच तसं करत.

गुलाबराव दुर्गच्या देवळातून मोदक घेऊन परतला, तर दारात ही गर्दी. त्याला वाटलं, वच्छला पुन्हा सुपेल्याच्या भाजीवालीशी भांडली. आत पाहतो तर बांगड्यांचे तुकडे, पुसलेल्या कपाळाची वच्छला, आणि तिचं डोकं मांडीवर घेतलेली शेवंता, आनंदरावाची बायको.

"मी हाओ ना बाई," ती वच्छलाला समजावून राहिली होती.

दोन डब्यांच्या मधात सापडलेल्या माणसाचा चेहरा उरला नव्हता. ओळख बिल्ल्यावरून पटवली होती.

शेवंतानं वर पाहिलं. "भाऊजी आले," म्हणत ती हसली. खरंच हसली. मग तिची नजर त्याच्या सदऱ्यावरच्या बिल्ल्यावर गेली. तो नंबर ती रोज घासूनपुसून द्यायची.

शेजारच्या सिंधुताईला गप्प बसणं कधी जमलं? "देवानं राखलं गं वच्छले. अन् ज्यानं देव बुडवले, त्याले..."

शेवंता हळूच बोलली, "भाऊजी, तुमच्या देवाले ठावं होतं काय, आज कोण जाणार ते?"

हो म्हणावं, तर देवानं मित्र मारला. नाही म्हणावं, तर त्यानं गुलाबरावाला वाचवलंही नव्हतं. मोदकाची पुडी हातात तशीच.

"वहिनी, मले नाही माहीत."

महिन्याभरानं वच्छलानं सत्यनारायण घालायचं काढलं. गुलाबरावानं चौरंग माळ्यावर टाकला.

पुढं निवृत्तीपर्यंत, दर संकष्टीला ज्याला देवळात जायचं असेल त्याची ड्युटी गुलाबराव करायचा. उपास मात्र धरायचा. चंद्र यार्डातूनच पाहायचा, हात न जोडता. आणि बदलीचा कागद नाही म्हणून साहेब ओरडो की दंड करो, छातीवर बिल्ला स्वतःचाच लावायचा.