शेंदराखालची बंदूक

अण्णांची जिरवायची, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. कधी आणि कशी, ते कळायला मात्र काही वर्षं गेली.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बेंगळुरात आलं, आणि त्याचा पुरावा म्हणजे देवघराच्या दारावर टांगलेली ठासणीची बंदूक. मूळ पुरुषानं वाटेत एका फिरंग्याला आडवा करून ती हिसकावली, असं अण्णा मिशीवर हात फिरवत सांगत. खंडेनवमीला तिची पूजा होई. आदल्या दिवशी ती पुसायची बायकांनी, पूजायची पुरुषांनी. तीही वरवरच पुसायची. शेंदराला नख लावायचं नाही, अशी अण्णांची सक्त ताकीद. त्यामुळे नळीच्या बुडाशी शेंदराची जाड साल चढली होती आणि तिच्याखाली काय आहे हे घरातल्या कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

पंचावन्न सालच्या आसपास, मी शाळेत शिकवत असताना, एक स्थळ आलं. मुलगा बेळगावकडचा, इथे कारखान्यात नोकरीला. आम्ही दोघं एकमेकांना पसंत होतो. नेमक्या खंडेनवमीला अण्णांनी त्याला घरी बोलावलं, बंदुकीसमोर बसवलं आणि सगळ्या गोतावळ्यादेखत विचारलं, "तुमच्या घरी काय पुजतात आज?"

"शिवणयंत्र," तो सरळ म्हणाला. "वडील शिंपीकाम करतात."

अण्णा हसले. मग सगळेच हसले. त्यानं हातातली कॉफी संपवली, माझ्या आईला वाकून नमस्कार केला आणि गेला. पुन्हा आला नाही. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झाल्याचं कानावर आलं. माझं राहूनच गेलं, आणि दर दसऱ्याला ती बंदूक पुसायचं काम तेवढं माझ्याकडे आलं.

कॅन्टोन्मेंटात एक जुनं वाचनालय होतं. पुढे काही वर्षांनी तिथे शाळेतल्या मुलींसाठी नकाशे शोधताना साहेबांच्या काळातलं जुन्या हत्यारांचं एक सचित्र पुस्तक हाती लागलं. त्यात होतं की तीनशे वर्षांपूर्वी सैनिकांच्या बंदुका बहुतेक जळत्या तोड्यानं, म्हणजे वातीनं, उडत. आमच्या बंदुकीला तर दारूची टोपी बसवायची बोंडी होती आणि तिच्यावर आपटणारा घोडा. असल्या टोपीच्या बंदुका दीडशे वर्षांपूर्वी कुठेच नव्हत्या. वाचता वाचता मला हसू फुटलं. समोरच्या म्हाताऱ्या पारशानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दुपारी सगळे झोपले असताना मी रॉकेलचा बोळा घेतला आणि शेंदूर उतरवला. नख लावलं, चांगलं दोन्ही हातांचं लावलं. खाली लंबगोलात कोरलेली तीन रोमन अक्षरं आणि त्यांच्याखाली चांदणी. कागद ठेवून वर पेन्सिल घासली आणि तडक वाचनालय गाठलं. पुस्तकातल्या एका खुणेशी ती हुबेहूब जुळली. बेल्जियममधल्या लिएज गावी बंदुका तपासून त्यांवर ती उठवत. गेल्या शतकात तिथून असा माल जगभरच्या बाजारांत विकायला जाई. आमच्या नळीच्या आत पीळदार खाचाही होत्या, म्हणजे रायफल. कुणा शिकाऱ्यानं हौसेनं घेतलेली असावी.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या धाकट्या मुलीच्या होऊ घातलेल्या सासरची माणसं आली होती. अण्णांनी फिरंग्याची गोष्ट रंगवली, शेंदराची वाटी उचलली आणि नळीचं उघडं लोखंड पाहून थबकले.

"शेंदूर कुणी काढला?"

"मी," मी म्हणाले. "स्वल्प थांबा, अण्णा. पाहुण्यांना खूण बघू द्या." आणि सगळं सांगितलं. बेल्जियम, टोपी, दीडशे वर्षं. नवऱ्या मुलाचे वडील पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी बंदूक उजेडात धरली, घोडा पाहिला आणि म्हणाले, "सरी आहे, बरोबर आहे मुलीचं. ही एवढी जुनी नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. मला मनापासून आनंद झाला.

"मग ही आपल्या घरात आली कशी?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

याच प्रश्नाची मी वाट बघत होते. "बाजारातून, अण्णा. शिवणयंत्र येतं तशीच."

कुणीही हसलं नाही. हसायला हवं होतं. चुलतबहिणीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं; तिच्यावर माझा राग नव्हताच. अण्णांनी फिरंग्याची गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. मी जिंकले, आणि जिंकल्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

ज्यानं ते ऐकायला हवं होतं तो तेव्हा शहराबाहेर येलहंक्याला राहत होता. त्या दिवशी त्याच्या घरी शिवणयंत्राला झेंडूची माळ घातलेली असणार, आणि हळदकुंकू लावायला त्याची बायको बसली असणार.